वडवणीत बोट

वडवणीहून रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलं की मुंबईत उतरायला सकाळ होते. समुद्र आमच्यापासून तेवढा लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे बोअर, टँकर आणि फार तर माजलगावचं धरण. तरी गेली दोन वर्षं माझ्या लॅपटॉपवर एका शिडाच्या बोटीचं डिझाइन आहे. लांबी 80 फूट. दिसायला शंभर वर्षांपूर्वीची, वजनाला आजची.

हे खूळ लागलं ‘म्हादेई’मुळे. 56 फुटांची ही बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. डिझाइन डच होतं आणि त्याआधी दांडेकरांनी शिडाची बोट बांधलेली नव्हती. 2009च्या ऑगस्टमध्ये नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यावरून एकटे निघाले आणि 2010च्या मे महिन्यात पृथ्वीला फेरी मारून मुंबईत परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची, आणि ते निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळ विंचुर्णीला. तिथंही समुद्र नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

एवढी बोट हलकी कशी करतात? कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा बघा. दोन पातळ कागद, मध्ये नागमोडी पोकळी. वजन नगण्य, पण सहज वाकत नाही. बोटीत मध्ये हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्ही अंगांनी इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड. ताण बाहेरचे थर घेतात, लाकूड त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतं.

आता जुन्या रूपाची अडचण. जुन्या बोटींची दोन्ही टोकं पाण्याबाहेर लांब झेपावलेली असतात. सुंदर दिसतं, पण वेग ठरतो पाण्याला टेकलेल्या लांबीवर. तिचं फुटांतलं वर्गमूळ काढून 1.34ने गुणलं की साधारण नॉट मिळतात. माझी 80 फुटांची बोट पाण्यावर 64 फूटच टेकते, म्हणजे 10.7 नॉट, ताशी जेमतेम 20 किलोमीटर. सगळी लांबी टेकली असती तर 12 नॉट. बोट हलकी असेल तर ही मर्यादा थोडी ओलांडता येते. म्हणून मी एक्सेलमध्ये किलो-किलो कमी करत बसायचो.

मागच्या वर्षी महिनाभर घरून काम होतं, तेव्हा वडवणीत चार फुटांचं मॉडेल करायला घेतलं. पॅकिंगच्या पेटीतलं पाइन आणि अराल्डाइट. अण्णा ओट्यावरून बघत होते.

“काय करायलास रे?”

“बोट.”

“पाणी कुठंय?”

अण्णा सुतार. बैलगाड्या करायचे. बाभळीची चाकं, त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. ट्रॅक्टर आले, मग टायरच्या गाड्या आल्या, आणि पंधरा वर्षांपूर्वी अण्णांनी शेवटचं चाक केलं. आता दारं-खिडक्यांची किरकोळ कामं. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं होतं. आमची जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू.

मॉडेल हौदात सोडलं आणि ते आडवं झालं. तळाशी शिसं लावलं होतं. टायरवाल्याकडून आणलेली चाकाची वजनं. एकूण वजनही हिशोबात बसत होतं. तरी आडवं.

अण्णा उठून आले. “कडब्याची गाडी उतारावर कलंडती. तेवढ्याच वजनाची खडीची गाडी नाय कलंडत. का?”

मी गप्प.

“वर लोखंड कशाला लावलंस मग?”

डोलकाठी म्हणून मी लोखंडी सळई लावली होती. सरळ होती आणि हाताशी होती म्हणून. एक्सेलमध्ये मी सगळ्या वजनांची बेरीज केली होती. कुठलं वजन किती उंचीवर आहे, हा रकानाच नव्हता. हलकं करायचं ते वरचं, आणि वाचलेलं वजन न्यायचं तळाला. हे पुस्तकात वाचलेलं होतं. सळई लावताना आठवलं नाही.

मग त्यांनी बोटीच्या अंगावरून तळवा फिरवला आणि एका जागी थांबले. “इथं फुगवटा हाय.” स्क्रीनवर ती रेघ गुळगुळीत होती. मी हात फिरवला, मला काही कळेना. त्यांनी रंधा आणला, दोन-तीन नाजूक हात मारले. मग कळलं.

मी त्यांना इतकी वर्षं त्यांच्या कामातलं काहीच विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. चाकात आरे किती, तुंब्याला भेग का जात नाही, धाव किती तापवायची. ते रात्री जेवण होईपर्यंत सांगत होते. फॉर्मचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बांबूची डोलकाठी लावल्यावर बोट सरळ उभी राहिली. बोटाने दाबून आडवी केली तरी परत उठायची. अण्णांनी चार-पाच वेळा दाबून पाहिली.

80 फुटांची बोट मी बांधू शकणार नाही. तिला कोट्यवधी लागतात, माझं होमलोन अजून अठरा वर्षं आहे. पुण्याला निघताना अण्णा स्टँडवर सोडायला आले होते.

“खऱ्या बोटीला सुतार किती लागत्यात रे?”

मला माहीत नव्हतं. म्हणालो, “विचारून सांगतो.”

गाडी लागली होती. ते म्हणाले, “विचार. सावकाश विचार.”