रक्तातलं पिवळं पाणी

१४ एप्रिल आला की पिंपरी, भोसरी, चाकणच्या वस्त्यांतून रक्तदान शिबिरं लागतात. मी रोलिंग मिलमधला कामगार. दिवसभर लोखंडाबरोबर तापतो आणि शिबिरात मीही हात पुढे करतो. पण पिशवी भरल्यावर पुढं काय होतं?

३५० मिलिलिटरची पिशवी यंत्रात गरगर फिरवतात. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळं पाणी राहतं. तो प्लाझ्मा. रोग्यांना लागून उरलेला गोठवून औषध कारखान्याला जातो. तिथं हजारो माणसांचा प्लाझ्मा एका टाकीत ओततात. थंड अल्कोहोलनं एकेक प्रथिन वेगळं काढतात. लिव्हरच्या रोग्याला अल्ब्युमिन, हिमोफिलियाच्या पोराला फॅक्टर आठ. त्या टाकीतून जात वेगळी काढणारं यंत्र अजून निघालं नाही. ज्या गावात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथल्या पाटलाच्या शिरेत हे पाणी बिनबोभाट जातं!

पण हे पाणी कुणाच्या अंगातून उपसलं गेलं? १९८९ साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं : पुण्यात पैशासाठी प्लाझ्मा विकणाऱ्यांत एच.आय.व्ही. पसरलाय. ज्याच्याकडं विकायला दुसरं काही नाही, तोच अंगातलं विकतो. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं रक्ताची विक्री बंद करायला सांगितलं, १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली.

देणाऱ्यानं विकायचं नाही, हे बरोबरच. पण पुढचा बाजार? २०१५ साली केंद्र सरकारनं जादा प्लाझ्म्याचा दर लिटरला १६०० रुपये ठरवला. लिटरभर म्हणजे पाचसहा माणसांच्या पिशव्या. आणि अल्ब्युमिनची एक बाटली दुकानात काही हजारांना.

आमच्या शेडमधल्या एकाच्या बापाचं लिव्हर गेलं. बायकोच्या कानातलं मोडलं, तेव्हा दोन बाटल्या आल्या. हा दरसाल रक्त देणारा. बाटलीकडं बघत म्हणला, "ह्यात आपलंच काय तरी आसंल, गड्या."

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपण निदान पिशवीचा प्रश्न तरी विचारू. शिबिर भरवताना रक्तपेढीला लेखी विचारा : आमचा प्लाझ्मा किती निघाला, कुणाला दिला, काय भावानं? त्या पैशातून गरीब रोग्याला औषध मिळालं का?

रक्त देत राहू. पण आता हिशोबही मागू.