बसून राहणारा प्रिंटर

गिरगाव, मुंबई 4

प्रिय भाचीबाई,


ताईने काल फोनवर तुझा निरोप दिला. "मामाला विचार, घरी कुठला लेझर प्रिंटर घेऊ? स्वस्तातला हवा, रोज काही लागत नाही." मामाला का, तर मामा सरकारी छापखान्यात होता! अगं, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात मी राजपत्राची प्रुफं तपासण्यात जन्म घालवला, मशिनला हात लावला असेल तो खंडेनवमीला, फूल वाहायला. पण विचारलंसच तर लिहितो. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

आधी माझी फजिती ऐक. निवृत्त झाल्यावर मी हौसेने एक शाईचा रंगीत प्रिंटर आणला. पहिल्या महिन्यात वाडीच्या सत्यनारायणाचं आमंत्रण, नातवाचे फोटो, सगळं छापून झालं. मग तो कपाटावर गेला. पावसाळा सरला, नोव्हेंबर आला, हयातीच्या दाखल्याचा फॉर्म काढायला बसलो तर पानभर आडव्या पांढऱ्या रेघा. पेन्शनर अर्धाच हयात. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे हेड साफ केलं, पुन्हा केलं. ती सफाई शाईनेच होते, त्यामुळे चार वेळा सफाई केल्यावर शाईच संपली. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाच रुपये देऊन तो कागद काढला. शाईचं असंच असतं. ओली असते, वापरात नसली की बारीक छिद्रांच्या तोंडाशी वाळते.

तुझा हिशेब महिन्याला वीस पानांचा असेल. झेरॉक्सवाल्याच्या पानाला पाच रुपये दराने वर्षाला बाराशे रुपये होतात, आणि साधा काळा-पांढरा लेझर दहा ते पंधरा हजारांत येतो. म्हणजे पैसे वाचवायला घेणार असशील तर घेऊच नकोस. घ्यायचं कारण वेगळं आहे. ताईचे मेडिक्लेमचे कागद, तिचं आधार, रिपोर्ट, सगळं तू परळ नाक्यावरच्या परक्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेस आणि "दादा, डिलीट करा हं" म्हणून निघतेस. शिवाय चिरंजीवांना शाळेचा प्रोजेक्ट आठवतो तो रात्री साडेदहाला. एवढ्यासाठी घे.

आणि घेताना एकच बघ. तुझ्या घरी हे यंत्र छापेल कमी, बसून राहील जास्त. तेव्हा त्याला नीट बसता येतं का? मिनिटाला किती पानं, ही बढाई दुकानदाराला मारू दे.

लेझरला बसता येतं, कारण त्यात शाई नसते, पूड असते. टोनर म्हणजे प्लास्टिकची काळी पूड. ती वाळणार कुठून? छापण्याची रीत आपल्याला परकी नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर. दगडावर तेलकट अक्षर उतरवायचं, दगड ओला करायचा. मग शाई अक्षरालाच धरते, ओल्या जागेला धरत नाही. लेझरमध्ये दगडाच्या जागी ड्रम आला आणि पाण्याच्या जागी वीज. किरण ड्रमवर अक्षरं आखतो, पूड तेवढ्याच जागी चिकटून कागदावर उतरते आणि पुढचा तापलेला रोलर तिला वितळवून पक्की करतो. म्हणून तर पान ताज्या भाकरीसारखं गरम हाती येतं. विजेची ही युक्ती चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकनाची. एका कंपनीच्या पेटंट विभागात नकला करून करून तो कंटाळला होता. त्याने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली प्रत काढली आणि त्यावर मजकूर काय, तर तीच तारीख आणि जागेचं नाव. प्रुफं वाचणाऱ्याला असा माणूस आवडतो.

आता कार्ट्रिज, म्हणजे ही पूड भरलेला डबा. लालबागला मसाला कुटून घेताना तू मिरच्यांचा भाव आधी विचारतेस, इथेही तसंच कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे प्रिंटरवाल्यांचं जुनं गणित आहे. दुकानांत, कचेऱ्यांत तू एचपीचा 1020 आणि कॅननचा एलबीपी 2900 पाहिला असशील. एकाला 12ए कार्ट्रिज लागतं, दुसऱ्याला 303, दोन्हींची क्षमता साधारण 2000 पानं. ती पानंही विरळ मजकुराची धरलेली असतात, पानाचा जेमतेम विसावा भाग काळा. तरी तुझ्या वेगाने एक कार्ट्रिज आठ वर्षं जाईल. नव्या प्रिंटरसोबत पाचशे-सातशे पानांपुरती पूड भरलेलं सुरुवातीचं कार्ट्रिज देतात म्हणून लोक चिडतात. तुला तेही दोन-तीन वर्षं पुरेल. तेव्हा पानामागे किती पैसे पडतात या वादात पडू नकोस. आठ वर्षांनी त्याला पूड भरून देणारा माणूस सापडेल का, हे बघ. म्हणूनच हल्लीचे काही प्रिंटर मला नकोसे वाटतात. कंपनीची चिप नसेल तर कार्ट्रिज नाकारतात, काहींना सतत इंटरनेट लागतं. खोक्यावर ते बारीक अक्षरांत असतं. ती वाचायची तुला सवय नाही, मला आहे.

पूड भरणारा माणूस मी लॅमिंग्टन रोडला पाहिलाय. जिन्याखाली दोन हात जागा. त्याने 12ए उघडलं, ड्रम बाहेर काढला आणि आधी वर्तमानपत्राखाली झाकून ठेवला, कारण उजेड लागला तर ड्रम बिघडतो. मग वाया गेलेली पूड एका पिशवीत झटकली, पाती मऊ फडक्याने पुसली, बाटलीतली नवी पूड अलगद आत सोडली, झाकण लावून कार्ट्रिज पाळण्यासारखं डावी-उजवीकडे हलवलं. दहा मिनिटं, दोन-तीनशे रुपये. माझ्या शर्टाला थोडी पूड लागली, तर म्हणाला, "काका, गरम पाणी लावू नका, थंडच." मी घरी येऊन गरमच लावलं. उष्णतेने वितळून पक्की होणारी पूड ती, झाली पक्की. शर्ट अजून आहे, आलीस की दाखवतो.

ब्रदरच्या प्रिंटरमध्ये ड्रम आणि टोनर वेगळे असतात. टोनर संपला तर टोनरच बदलायचा. त्यात पाठपोट छापणारे बरेच आहेत. नावाच्या शेवटची इंग्रजी अक्षरं बघ: बहुतेक ठिकाणी डी म्हणजे आपोआप पाठपोट, डब्ल्यू म्हणजे वायफाय. मी वर सांगितलेल्या जुन्या जोडीत दोन्ही नाहीत, केबलने कॉम्प्युटरला जोडावं लागतं. ती माझ्यासारख्याला ठीक. तुमच्या घरात सगळं फोनवर चालतं, तेव्हा तुला डब्ल्यू हवाच. स्कॅनरवाला घेऊ नकोस. आधारची प्रत काढायला फोनचा कॅमेरा पुरतो, हात सरळ धरला की झालं. शिवाय त्याचं झाकण उघडायला तुझ्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे?

जावईबापूंना सांग, प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही. तो रोलर तापताना एकदम भरपूर वीज ओढतो, यूपीएस कण्हायला लागतो. भिंतीतल्या प्लगवर थेट लावा.

पावसाळ्यात जपायचं ते कागदाला. 75 जीएसएमची रीम घे, 500 पानं, सव्वादोन किलोच्या वर भरते, तेव्हा ती ऑनलाइन मागव. ट्रेमध्ये दहाच पानं ठेव, बाकीची प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात. जुलै-ऑगस्टात उघडा कागद ओल धरतो, रोलरमधून जाताना वळतो आणि आत अडकतो. मग तुम्ही मंडळी तो ओढता, तो फाटतो, आणि यंत्र वाईट ठरतं.

तर माझं मत असं: एकरंगी, वायफायचा, पाठपोट छापणारा, ज्याचं कार्ट्रिज लॅमिंग्टन रोडचा तो जिन्याखालचा माणूस हातात घेऊन "भरतो" म्हणेल असा. मॉडेलचा नंबर घेऊन ये, आधी त्यालाच दाखवू आणि मग दुकानात जाऊ. शनिवारी ये, जेवायलाच ये. रविवारी नको, लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद असतात.

तुझा,
मामा