सदमा, तसादुम, टक्कर

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. विज्ञानाची जागा रिकामी असली की दहावीचे काही तास माझ्याकडे येतात. बाई विज्ञानाचं उत्तरही शब्दकोशात शोधतात, असं मुलांचं मत आहे. ते अगदीच खोटं नाही.

टकरीला उर्दूत तसादुम म्हणतात. सदमा हा शब्द मराठी माणसालाही ठाऊक असतो. दोन्हींचा अरबी धातू एकच, आदळण्याचा. तसादुम ज्या साच्यात घडला आहे, त्या साच्यातले शब्द बहुधा दोघांनी एकमेकांशी केलेली कृती सांगतात. रासायनिक अभिक्रियेला म्हणतात तआमुल, तोही त्याच साच्यातला. तसादुम झाल्याशिवाय तआमुल नाही: टक्कर सिद्धांताचा अर्धा भाग एवढ्यात आला. शहाबादी फरशीच्या तुकड्यापेक्षा तिच्या चुऱ्यावर आम्ल जास्त का फसफसतं, ते यावरून कळतं. चुऱ्यात टकरीला जागा जास्त.

उरलेला अर्धा भाग अवघड आहे. नेहमीच्या तापमानाला हवेतला एकेक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यावर आदळतो. प्रत्येक टक्कर फळाला आली असती, तर शेगडीचा गॅस काडी लावायच्या आधीच पेटला असता. तसं होत नाही, कारण जुने बंध तुटायला टकरीत किमान जोर लागतो. तीच सक्रियण ऊर्जा. शिवाय रेणूंची योग्य बाजू समोर यावी लागते. बटण काजावर कितीही दाबा, तिरकं धरल्याशिवाय आत जात नाही.

आता तापमान. गरम केलं की वेग का वाढतो, असं विचारलं की मुलं सांगतात, "रेणू जोरात पळतात, टकरा वाढतात." बरोबर आहे, पण हिशेब करून बघा. २७ अंशांवरून ३७ वर गेलो, म्हणजे केल्विनमध्ये ३०० चे ३१० झाले. रेणूंचा वेग याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. तरी कितीतरी अभिक्रियांचा वेग तेवढ्यात जवळपास दुप्पट होतो!

हे मी गुणपत्रिकेवरून समजावलं. वर्गाची सरासरी दोन गुणांनी वाढली तर कुणाला कळतही नाही, पण नव्वदच्या वर दोन मुलं होती तिथे चार होऊ शकतात. रेषा उंचावर असली की थोड्या वाढीनेही ती ओलांडणारे भराभर वाढतात. उत्प्रेरक रेषा ओलांडायला जोर देत नाही. तो दुसरा, कमी उंचीचा रस्ता देतो, घाटाऐवजी बोगदा काढावा तसा. परीक्षेत मात्र "तापमान वाढल्यास वेग वाढतो" या एका ओळीवर गुण मिळतात, आणि मुलंही तेवढंच पाठ करतात.

हा सिद्धांत मांडला जर्मनीच्या माक्स ट्राउट्झने १९१६ मध्ये आणि लिव्हरपूलच्या विल्यम लुईसने १९१८ मध्ये. मध्ये महायुद्ध होतं. ट्राउट्झने काय लिहिलंय, हे लुईसला माहीतच नव्हतं. हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनासाठी लुईसचा हिशेब प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळला. मोठ्या, वेड्यावाकड्या रेणूंसाठी मात्र या सिद्धांताने काढलेला वेग प्रत्यक्षापेक्षा फारच जास्त येतो, कारण तो रेणूंना गुळगुळीत गोळ्या समजतो. म्हणून पुढे दिशेसाठी वेगळा गुणक जोडावा लागला.

दहावीनंतर आमच्या बऱ्याच मुली अकरावी सायन्सचा अर्जच भरत नाहीत. ज्या भरतात, त्यांच्यासमोर हेच सगळं दुसऱ्या भाषेत येतं. म्हणून मी वहीत तीन रकाने आखायला सांगितले: उर्दू, मराठी, इंग्रजी. तसादुम, टक्कर, कोलिजन. एकीने तिसरा रकाना कोराच ठेवला होता. "का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "अब्बांना विचारून सांगते, बाई."