पाच टनाचा पंजा

जुन्नर तालुक्यातला म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "बिबट्या पाहिलास का?" पाहिलाय. पण हा लेख बिबट्यावर नाही. लाकडं उचलणाऱ्या एका गाडीवर आहे. त्यात इंजिनिअरिंग मेकॅनिक्स येतं, तेव्हा ज्यांची त्या विषयात केटी आहे त्यांनी जपून वाचावं.

माझं गाव राजुरी. कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाट्याच्या पुढे. आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, झाडं तोडायची कामं घेतात. बांधावरची बाभूळ, विहिरीवर कललेला कडुनिंब, घराला टेकलेली सुबाभूळ. चिंच, आंबा, जांभूळ असेल तर १९६४ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी, मग कटर. यात नाना एकदम कडक. कटर मशीन आल्यापासून झाड पाडणं सोपं झालंय. खरा दिवस जातो तो भरणीत. ट्रॉलीला दोन तिरप्या फळ्या लावायच्या, दोरखंड, पहारी, चार माणसं आणि एक जोरदार आरोळी! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकणातून आमच्याकडे आलं आणि झाडं आडवी झाली, तेव्हा मी शाळेत होतो. लॉकडाऊनमुळे घरीच, त्यामुळे दोर धरायला मीही होतो.

दोन वर्षांपूर्वी पावसात फळी सटकली. ओंडका मागे आला आणि भाऊंच्या पायावर गेला. भाऊ आमच्याकडे अकरा वर्षं कामाला. दोन बोटं काढावी लागली. दवाखान्याचं सगळं नानांनी केलं, पण ओझं उचलणं भाऊंचं कायमचं बंद झालं. घरात दोन पोरं शिकणारी. नाना बरेच दिवस कमीच बोलायचे. मग एकदा मेसमध्ये जेवताना फोन आला, "आरं इंजिनेर, पंज्याची गाडी घ्यायचीय. दिवाळीला आलास की संगट चल."

पंज्याची गाडी म्हणजे ट्रकवरच बसवलेली हायड्रॉलिक क्रेन आणि तिच्या टोकाला लाकूड धरणारा पंजा. आपल्याकडे भंगारवाल्यांकडे दिसते. उसाच्या भरणीला ट्रॅक्टरवरचे ग्रॅबर आलेत, तोच भाऊबंद. या कल्पनेचं मूळ लाकडातच आहे. स्वीडनमध्ये हुडिक्सवाल गावी एरिक सुंडिन नावाचा माणूस लाकडी स्की बनवायचा. ट्रकचं इंजिन उभ्या गाडीत नुसतंच असतं, तर त्याच्याच जोरावर माल का उचलू नये, असं त्याच्या डोक्यात आलं आणि १९४४ मध्ये हायॅब कंपनी निघाली. पीटीओवर पंप फिरवायचा आणि तेल दाबून सिलिंडर हलवायचे. बस्स.

तर आम्ही एक जुनी गाडी बघायला गेलो. विकणारा म्हणाला, "पाच टनी आहे. काय पायजे ते उचला." नाना खूष! आपला मोठ्यात मोठा ओंडका टनाच्या आतला, म्हणजे पाचपट ताकद! मी क्रेनवर चिकटवलेली पत्र्याची पाटी पुसली. तिच्यावर होतं: २ मीटरवर ५००० किलो, ४ मीटरवर २३००, ७ मीटरवर ११००. पाच टन हे फक्त गाडीला खेटून. हात लांब केला की आकडा घसरतो, कारण मशीनला वजन कळत नाही, वजन गुणिले अंतर कळतं. फर्स्ट इयरला मोमेंट शिकताना मला ही गोष्ट इतकी महागाची असेल असं वाटलं नव्हतं. शिवाय पंजा आणि त्याला फिरवणारा रोटेटर यांचंच वजन ३०० किलो, तेही त्यातूनच वजा. म्हणजे ७ मीटरवर खरे ८००.

नाना म्हणाले, "चालतंय की. दोन फुटी जाडीचा, धा फूट लांब ओंडका सातशे किलोच्या वर जात न्हाय."

इथे खरी गंमत आहे. वखारीत घनफूट कसे काढतात? दोरीने घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. या ओंडक्याचा घेर ६.२८ फूट, चौथा भाग १.५७, आणि घनफूट येतात २४.७. पण गोल ओंडक्याचं खरं आकारमान ३१.४ घनफूट! चौथ्या भागाची रीत मुळातच २१ टक्के कमी मोजते. चिरकाम करताना जी लाकडं वाया जातात त्यांची ती सूट, आणि वखारवाल्याला ती सोयीची. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं, तर वखारीच्या हिशेबाने ओंडका ७०० किलो आणि क्रेनच्या हिशेबाने ८९०. क्रेन वखारीची सूट देत नाही. नानांनी तिथेच जमिनीवर काडीने गणित दोनदा केलं आणि म्हणाले, "तीस वर्स मी ह्येच मोजतोय!"

मग ट्रॅक्टरवरचा ग्रॅबर की ट्रक यावर घरी आठवडाभर खल झाला. ट्रॅक्टर पाणंदीतून आत जातो. ट्रक रस्त्यावरच थांबतो, पण वखारीपर्यंत माल स्वतःच नेतो. आमचं काम बहुतेक रस्त्याकडेचं, म्हणून ट्रक. मात्र काट्यावर रिकामी गाडी क्रेनसकट साडेआठ टन भरली. गाडी जुनी, आरसीवर एकूण वजन १६.२ टन (२०१८ पासून दोन ॲक्सलला १८.५ झालं, पण आपण आरसी वाचायची). राहिले जेमतेम पावणेआठ. क्रेनची नोंद आरसीवर होती, नाहीतर मी नानांना परत फिरवलं असतं.

चालवायला कोण? मी काही बोलायच्या आधीच नानांनी भाऊंना विचारलेलं होतं. लिव्हरला हात लागतात, पायाची बोटं नाही. पण भाऊ घाबरले होते. ओंडक्याचा आवाज झाला की आजही दचकतात.

सुट्टीतले बारा दिवस आम्ही दोघे शिकलो. आधी पाय टेकायचे, मगच हात उघडायचा. एका पायावर तीन टन येतात. ३० सेंटिमीटरची चौकोनी थाळी म्हणजे चौरस मीटरला ३३ टन, आणि पुस्तकात कोरड्या काळ्या मातीला १५ दिलेत. म्हणून खाली ६० सेंटिमीटरचे बाभळीचे जाड पाट, की दाब सव्वाआठवर येतो. ओली माती असेल तर पाटही विसरा, गाडी डांबरावरच. मग वर बघायचं. तार असेल तर वायरमनला सांगून लाइन बंद केल्याशिवाय लिव्हरला हात नाही. पंजा ओंडक्याच्या मध्यावर नाही, बुडख्याकडे थोडा सरकवून लावायचा. कडेने ओढायचं नाही. निघताना हात घडी करायचा, नाहीतर तो आपल्या आधी तारेला भेटतो.

भाऊ हे माझ्यापेक्षा लवकर शिकले. ओंडका कुठे जड आहे ते त्यांना नुसतं बघून कळतं. अकरा वर्षं खांद्यावर घेतलेत ना! माझ्या आकड्याआधी ते बोलतात, "गाडी अजून हातभर आत घे."

राहिलेल्या तिघांचं काय, हे मी नानांना विचारलं. विकणारा म्हणालाच होता की यंत्र चार माणसांचं काम करतं. दोघे आता कटरवर आणि फांद्या साफ करायला आहेत. तिसरा दिवाळीनंतर उसाच्या भरणीला गेला. तिकडे ग्रॅबर किती दिवसांत येतोय, हे तोच मला फोनवर विचारत होता. मी काय सांगणार? "येईल," म्हटलं, "तू लिव्हर शिकून घे." पुढच्या सुट्टीत आमच्या गाडीवर भाऊ त्याला बसवणार आहेत. नाना म्हणतात डिझेल कोण देणार, पण नाही म्हणालेले नाहीत.