देवगिरीच्या हौदाशी

आपट्याहून विद्यार्थ्यांसह आम्ही औरंगाबादेस गेलो. रात्री गुलमंडीची रोषणाई पाहिली, नान-खलियाचा आस्वाद घेतला. मुले हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी दौलताबादच्या दरवाजाशी आम्ही त्यांना थांबविले. १९३४ साली वेरूळच्या लेण्यांकडे निघालेले बाबासाहेब सहकाऱ्यांसह येथे आले. धुळीने माखलेले हातपाय त्यांनी हौदावर धुतले. पाणी बाटविल्याचा गहजब झाला. अखेर किल्ला दाखविला तो पाण्याला न शिवण्याच्या अटीवर, सशस्त्र शिपाई सोबत देऊन. पुढे १९५० साली याच औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

सायंकाळी नागसेनवनात मुले ओंजळीने पाणी प्यायली. त्यांना कुणीही जात विचारली नाही. ही ओंजळ सहज लाभलेली नाही, एवढेच आम्ही त्यांना सांगितले.