हे चित्र कुणाला पाठवायचं होतं?

मैत्रिणींनो, जुन्या युरोपीय चित्रातली एखादी राजकन्या पाहताना आपली नजर आधी कुठे जाते? खरं सांगा, कपड्यांवरच ना! स्पेनच्या मार्गारिता तेरेसा या राजकन्येचं चित्र मी पुस्तकात प्रथम पाहिलं, तेव्हा तिच्या निळ्या रेशमी झग्याला किती वार कापड लागलं असेल, याचाच हिशेब करत बसले होते. चेहरा नंतर दिसला. आठ वर्षांची पोर हो!

हे चित्र १६५९ सालचं, दरबारी चित्रकार व्हेलास्केझ याने काढलेलं. त्याचीच एक प्रत हंगेरीत, बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे. ती व्हेलास्केझचा जावई आणि मदतनीस देल माझो याच्या हातची मानतात. मुलगी तीच, उभं राहणंही तेच, पण झगा मात्र हिरवा! त्या काळी राजघराण्यातल्या चित्रांना मागणी फार. गुरूने मूळ चित्र काढायचं आणि हाताखालच्यांनी त्यावरून प्रती करायच्या, अशी रीतच होती. तुम्ही म्हणाल, मग ती नक्कलच की, तिच्यात काय पाहायचं? मला तर त्या नकलेनेच विचारात पाडलं. तिच्यासाठी मुलीने पुन्हा समोर येऊन उभं राहायलाच नको होतं. झगा निळ्याचा हिरवा केला तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

निळ्या झग्याचं मूळ चित्र गेलं व्हिएन्नाला, सम्राट लिओपोल्डच्या दरबारी. तिथेच तिला द्यायचं घाटत होतं. त्याआधी गुलाबी झग्यातली अगदी चिमुरडी मार्गारिता आणि पांढऱ्या झग्यातली पाच वर्षांची मार्गारिता, अशी दोन चित्रंही तिकडे गेली होती. म्हणजे मुलगी कशी वाढते आहे, त्याचा घरपोच दाखलाच म्हणा ना! लिओपोल्ड हा तिच्या आईचा सख्खा भाऊ, म्हणजे मामा. शिवाय त्याची आई ही हिच्या वडिलांची बहीण, म्हणून आतेभाऊसुद्धा. मामाशी लग्न आपल्याकडे दक्षिणेत काही नवं नाही, पण इथे तिच्या आईचं लग्नही आपल्या मामाशीच झालेलं!

माझ्या लग्नाच्या आधी माझाही असाच फोटो काढला होता. साडी मावशीची, मोत्यांचा सर काकूचा. फोटोग्राफर म्हणाला, "हसू नका, पण हसऱ्या दिसा." सहा प्रती केल्या, त्यातल्या दोन परत आल्याच नाहीत. कुणाच्या तरी कपाटात, जुन्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात, मी अजून तशीच उभी असेन. म्हणून असं चित्र दिसलं की आता मी आधी विचारते, हे कुणाला पाठवायला काढलं बरं?

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. सातवीच्या वर्गात हे चित्र दाखवलं, तर एकीने विचारलं, "बाई, हिने हात असे लांब का धरलेत?" बघा, मुलीचं लक्ष नेमकं कुठे गेलं! झग्याखालचा सांगाडा इतका रुंद आहे की हात सरळ खाली सोडताच येत नाहीत, ते घेरावर टेकवावे लागतात. अशा घेराला स्पेनमध्ये 'बाळाला जपणारा' अशा अर्थाचं नाव होतं. गरोदरपण झाकायला बरा, म्हणून लोक त्याची कुचेष्टाही करत. आणि तो आठ वर्षांच्या मुलीच्या अंगात! वर्गात एवढं काही मी बोलले नाही.

त्याच वर्षी व्हेलास्केझने तिच्या धाकट्या भावाचं, फेलिपे प्रॉस्पेरोचंही चित्र काढलं. दोन वर्षांचा मुलगा, पण त्या वेळच्या चालीप्रमाणे झग्यातच. त्याच्या पांढऱ्या एप्रनवर घंटा आणि ताईत लटकवलेले आहेत. दृष्ट लागू नये म्हणून! आपण तीट लावतो, मनगटात काळे मणी बांधतो, तसंच की हे. मुलगा गादीचा वारस, आणि प्रकृतीने तोळामासा. १६६१ मध्ये, चार वर्षांचा होण्याआधीच, तो गेला. बहिणीच्या अंगावर ताईत दिसत नाहीत. तिला दाखवायची ती धडधाकट म्हणूनच.

१६६६ च्या डिसेंबरात, पंधराव्या वर्षी, मार्गारिता व्हिएन्नाला सासरी पोहोचली. लग्नानंतरही ती नवऱ्याला मामाच म्हणायची, म्हणे. पुढच्या सहा वर्षांत चार बाळंतपणं झाली, पण मूल जगलं ते एकच, मुलगी मारिया अँटोनिया. १६७३ च्या मार्चमध्ये मार्गारिता वारली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्याच ऑक्टोबरात सम्राटाचं दुसरं लग्न झालं. तिची ती तिन्ही चित्रं आणि भावाचं चित्र आजही व्हिएन्नाच्याच संग्रहालयात आहेत.