कर्णधाराचा गुडघा आणि माझी कंबर

वाचकहो, आपल्या घरी वयाने थकलेले, आजाराने जखडलेले माणूस असेल, किंवा आपण स्वतःच उंबरठा ओलांडताना हल्ली चौकटीचा आधार घेत असाल, तर ही हकीकत आपल्यासाठी लिहीत आहे. तीत औषधांपेक्षा कबड्डीचा उल्लेख अधिक आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते.

आमचे गाव एकोडी, भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात. धानाचा मुलूख. २०२४ च्या पावसाळ्यात, रोवणीच्या ऐन धामधुमीत, माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, लकवा झाला. वय एक्याऐंशी. सकाळी चहाची कपबशी हातातून निसटली, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि बोलणे अडखळले. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, या तीन खुणांपैकी एक जरी दिसली तरी वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे आम्ही अशाच एका नियतकालिकात वाचलेले होते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आम्ही वेळेत पोहोचलो. जीव वाचला. दिवाळीपर्यंत मामाजी काठी टेकत छपरीपर्यंत चालू लागले. उजवा हात मात्र वळला नाही, आणि शब्द परतले नाहीत.

डॉक्टरांनी या अवस्थेला वाचाघात असे नाव सांगितले. रुग्णाला समोरच्याचे बोलणे बहुतेक कळते, काय सांगायचे तेही मनात असते, परंतु नेमका शब्द ओठांपर्यंत येता येता वाटेत हरवतो. पाणी हवे असताना ‘बैल’ म्हटले जाते, आणि आपण चुकलो हे म्हणणाऱ्याला तत्क्षणी कळतेही. त्या क्षणी मामाजींच्या डोळ्यांत येणारी शरम मला लकव्याहून अधिक भयंकर वाटे.

त्याहून मोठे दुःख हळूहळू घरात शिरले. माणसे येईनाशी झाली. वाईट हेतूने नव्हे. उत्तर न देणाऱ्या माणसाशी काय बोलावे हेच कुणाला उमगत नसे. येणारे माझ्याशी बोलत आणि मामाजींकडे पाहून नुसते हसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी या एकटेपणाचा संबंध आहे. हे आकडे मी नंतर वाचले. एकटेपणा कसा दिसतो, ते मात्र त्याआधीच आमच्या छपरीत पाहिले होते.

अशात १८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम सुरू झाला. तरुणपणी मामाजी हुतुतूचे नावाजलेले गडी होते. माझ्या यजमानांनी टीव्ही आतल्या खोलीतून छपरीत आणून ठेवला आणि मामाजींच्या तीन जुन्या सवंगड्यांना घरी जाऊन सांगितले, “रात्री आठला या. बोलू नका, नुसते पाहा.” एक निवृत्त पोस्टमन, एक शाळेतले गुरुजी आणि एक शेजारचे शेतकरी. ‘बोलू नका’ म्हटल्यामुळेच बहुधा ते आले. न बोलण्याचा करार पहिल्याच सामन्यात मोडला, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी चर्चेला खाद्यही भरपूर होते. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेतेपद मिळवले होते. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेल्या भारतीय संघातही तो आणि नाशिकचा आकाश शिंदे हे दोघे होते. आता विजेतेपद टिकवायचे होते. प्रत्येक संघाचे बावीस साखळी सामने. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर कोण कुठे आहे, कोणाच्या किती चढाया रिकाम्या गेल्या, याचा हिशेब छपरीत रोज मांडला जाई.

पोस्टमनांचे म्हणणे, कर्णधाराने गुण आणले पाहिजेत. “तीन चढाया रिकाम्या, मंग तो कर्नधार कायचा गा?” गुरुजींचे म्हणणे वेगळे. ते म्हणत, मुख्य चढाईपटूची किंमत केवळ गुणांत मोजू नये. तीस सेकंदांची चढाई तो कशी वापरतो, आघाडी असताना वेळ कसा काढतो, परतल्यावर बचावाच्या साखळीत कुठे उभा राहतो, तेही पाहावे. नागपूरला शिकणारा माझा भाचा बास्केटबॉल खेळतो. सुटीत आला असता तो म्हणाला, “आमच्यात पॉइंट गार्ड असतो, त्याचेही असेच असते. बास्केट दुसरा करतो, पण चेंडू कुणाला, कधी द्यायचा हे तो ठरवतो. लोक मात्र त्याचेच पॉइंट मोजत बसतात.” गुरुजींना हा साक्षीदार फार आवडला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते, ही माहिती त्यांनी त्याला बक्षीस म्हणून ऐकवली.

आणि एका रात्री ते घडले. चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला; पंचांनी गुण दिला नाही. छपरीत गलका झाला. त्या गलक्यातून, डावा हात वर करून, मामाजी स्वच्छ म्हणाले, “बोनस!”

सारे गप्प झाले. चार महिन्यांत योग्य जागी आलेला तो पहिला शब्द होता. मी धावत जाऊन काहीतरी बोलणार, तोच गुरुजींनी मला हाताने थांबवले. त्यांनी मामाजींना शांतपणे विचारले, “मागचा पाय उचलला होता का?” आणि वाट पाहिली. बराच वेळ. मामाजींनी मान हलवून होकार दिला, मग कष्टाने म्हणाले, “होता.”

पुढे वाचोपचार देणाऱ्या ताईंनी आम्हाला जे शिकवले, ते गुरुजींनी त्या रात्री आपसूक केले होते. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा. शक्यतो ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असा असावा. उत्तरासाठी थांबावे. त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. चुकीच्या शब्दावर हसू नये, आणि लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये. माणसाला ज्या विषयाची मनापासून ओढ आहे, त्या विषयावर बोलते करावे. मी चार महिने मामाजींना ‘पाणी’, ‘ताट’, ‘गोळी’ हे शब्द शिकवत होते. त्यांना पंचाशी भांडायचे होते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे कर्तव्य आहे. खेळाच्या चुरशीचा हृदयावर ताण येतो. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या काळात म्युनिक परिसरात केलेल्या अभ्यासात, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या २.६६ पट आढळल्या, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. म्हणून डॉक्टरांना विचारून आम्ही नेम केला. जेवण आणि रक्तदाबाची गोळी सामन्याआधी. चहा-तंबाखू छपरीत नाही. नऊचा दुसरा सामना नाही, झोप महत्त्वाची. छातीत दुखले, धाप लागली किंवा दरदरून घाम आला, तर सामना कितीही रंगात असो, लगेच सांगायचे. म्हातारी मंडळी कुरकुरली, पण त्यांनी पाळले.

नोव्हेंबर उजाडला. धान कापणीला आले. यजमान पहाटे बांध्यांवर जात, ते भारे बांधून आणि पुंजणी रचून अंधार पडल्यावर परतत. मामाजींचे न्हाणे, शौच, कपडे, व्यायाम, औषधे असे सर्व काही मी एकटी करत असे. कुणी मदत देऊ केली की म्हणत असे, “राहू द्या, तुम्हाला जमणार नाही.” खरे सांगायचे तर त्यात थोडा अभिमानही होता.

त्याच महिन्यात बातमी आली की गुडघ्याच्या दुखापतीमुळे अस्लम उरलेल्या हंगामाला मुकणार. आणि त्याच आठवड्यात न्हाणीतल्या स्टुलावरून मामाजींना उठवताना माझ्या कमरेत चमक भरली. मी तेथेच भिंतीला धरून बसले. ते स्टुलावर, मी जमिनीवर, दोघेही ओले, आणि घरात तिसरे कुणी नाही. अर्ध्या तासाने शेजारीण आली, तोपर्यंत मामाजी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटत होते.

डॉक्टरांनी सांगितले, तीन आठवडे वजन उचलायचे नाही. मी विचारले, “मग त्यांचे कोण करणार?” ते म्हणाले, “हे तुम्ही चार महिन्यांपूर्वी ठरवायला हवे होते.” तेव्हा राग आला. आज वाटते, त्यांनी खरे तेच सांगितले.

त्या रात्री मी आतल्या खोलीत पडून छपरीतले बोलणे ऐकत होते. पोस्टमन, जे इतके दिवस कर्णधाराला नावे ठेवत होते, तेच सर्वाधिक हळहळत होते. “एकाच गड्यावर भार टाकला का असंच होते गा,” शेजारी म्हणाले. “पुढं कोन?” बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मामाजींचा आवाज आला, एकेक शब्द वेचून आणल्यासारखा: “दुसरा... गडी... तयार... पायजे.” ते आकाश शिंदेविषयी बोलत होते की माझ्याविषयी, हे मी त्यांना विचारलेले नाही. कर्णधारपद पुढे आकाशकडे गेले, एवढे खरे.

दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरे गडी तयार होऊ लागले. फिजिओथेरपिस्टनी यजमानांना उठवण्याची पद्धत शिकवली. कमरेतून वाकू नये, गुडघे वाकवावेत. रुग्णाला अंगाशी घ्यावे. त्यांच्या कमरेला पट्टा बांधून तो धरावा. अधू हाताला धरून कधीही ओढू नये. त्याने खांदा निखळू शकतो. खाटेवरून खुर्चीत नेताना खुर्ची त्यांच्या चांगल्या अंगाला ठेवावी. न्हाणे पहाटे, शेतावर जाण्यापूर्वी, यजमानांकडे गेले. दुपारचा हाताचा व्यायाम शेजारणीकडे आणि वर्तमानपत्र वाचून दाखवणे गुरुजींकडे आले. औषधांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर लावला. पहिले काही दिवस सगळे चुकत होते. बंडी उलटी घातली जाई, गोळी अर्धा तास उशिरा मिळे. मी पडल्या पडल्या चडफडत असे. पण मामाजींचे काही बिघडले नाही. उलट दिवसभरात चार वेगळ्या माणसांशी बोलावे लागल्याने त्यांचे शब्द वाढले.

पुण्याच्या संघाचे मात्र सावरले नाही. गतविजेता संघ बाद फेरीतही पोचला नाही. २९ डिसेंबरला पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याला हरवून विजेतेपद मिळवले. आमच्या छपरीत दोन दिवस सुतक असल्यासारखी शांतता होती. मग गुरुजींनी पुढच्या हंगामाचा विषय काढला. अस्लम कर्णधार म्हणून परतला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुणे पुन्हा अंतिम सामन्यात उतरले. दिल्लीने ३१-२८ असे हरवले. तो सामना पाहायला पोस्टमन नव्हते. याच पावसाळ्यात ते गेले. मामाजींनी त्यांची खुर्ची हलवू दिली नाही, आणि सामना संपल्यावर तिच्याकडे पाहून म्हणाले, “तीन गुणांनी गेली गा.”

मामाजी आता चार-पाच शब्दांचे वाक्य बोलतात. उजवा हात अजून वळत नाही, कदाचित वळणारही नाही. माझी कंबर थंडीत दुखते. यजमान आता माझ्याहून चांगले न्हाऊ घालतात.

वाचकहो, कबड्डीत बाद झालेला गडी स्वतःच्या बळावर मैदानात परत येत नाही. त्याच्या सोबत्यांनी गुण मिळवला, की तो जिवंत होतो. म्हणून आपल्याला दोन विनंत्या करते. आपण कुणाची शुश्रूषा करत असाल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी एका कागदावर दोन नावे लिहा: उद्या आपण आजारी पडलो, तर हे काम कोण करील? नावे सुचली नाहीत, तर उद्यापासून कुणाला तरी शिकवायला लागा. आणि आपण वृद्ध असाल, तर ज्या मित्राचे बोलणे आजाराने थांबले आहे, त्याच्या घरी जा. काय बोलावे हे सुचले नाही तरी जा. सामना लावा आणि त्याच्या शेजारी बसा. त्याच्या उत्तरासाठी मात्र घाई करू नका.